निकटवर्तुळ

दार उघडण्याआधी दारावरचा पडदा बोलला. "नमस्कार, पद्मजा मगदूम. पाहुणी म्हणून या वर्षातली ही आपली तिसरी आणि शेवटची भेट आहे."

आवाज मवाळ होता. मागे उभ्या असलेल्या चौघांना स्पष्ट ऐकू जाईल इतका मोठाही होता. पडद्याने आपला सत्कार केल्यासारखी पद्मजा हसली आणि मान खाली घालून शाल्मलीच्या मागोमाग गरुड कक्षात शिरली.

गरुड कक्ष म्हणजे बाणेरमधल्या एका हॉटेलची अर्धी गच्ची. ती गरुड कार्ड असलेल्यांसाठी राखून ठेवलेली होती. या कार्डावर खर्च केला की गुण जमायचे आणि गुणांवर विमानाची तिकिटं, सहली, जेवणं असं काय काय मिळायचं. पद्मजा ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथले पाच जण तीन आठवड्यांपासून दर शुक्रवारी दुपारी इथे जेवायला यायचे. पाचांपैकी चौघांकडे गरुड होतं.

"आता पुढच्या शुक्रवारी काय करणार आहेस?" शाल्मलीने विचारलं. ती पद्मजाच्या शेजारच्या टेबलावर काम करायची आणि मनात येईल ते बोलायची. "खाली उभी राहून वास घेणार?"

"अर्ज करणार आहे."

"दिवाळीपासून करणार आहेस. अगं, माझे किती गुण गेलेत तुझ्यावर, माहितीये? एवढ्या गुणांत मी भूतानला गेले असते. निदान जाताना तरी."

सगळे हसले, पद्मजाही हसली. मग तिने समोरच्या पनीरचे अगदी लहान लहान तुकडे केले आणि ते सावकाश खाल्ले. दुसऱ्याच्या गुणांवर जेवताना भराभर खाणं तिला बरं वाटत नसे.

*

पूर्वी लोक कार्डासाठी सरळ अर्ज करत आणि उत्तराची वाट बघत. आता तसं कुणी करत नव्हतं. अर्ज नाकारला गेला की त्याची नोंद तीन वर्षं राहायची, आणि घर भाड्याने देणाऱ्यापासून नोकरी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती दिसायची. म्हणून आधी चाचपणी करायची. चाचपणी ही बँकांच्याच गणिताची नक्कल होती. अर्ज न करता, कुठेही खूण न उमटवता, मंजुरीची शक्यता किती ते ती टक्क्यांत सांगायची. साठच्या खाली असाल तर अर्जाच्या वाटेला जायचं नाही, ऐंशीच्या वर असाल तर बिनधास्त करायचा. मधले लोक नवस बोलायचे.

हे गणित कसं चालतं ते पद्मजाला बऱ्याच जणांपेक्षा चांगलं कळत होतं. ती साथरोग विभागात होती. साथ आली की तिचा विभाग रुग्णांचा आलेख काढायचा. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि दोन माणसांचा संपर्क म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. एका घरात राहणाऱ्यांची रेघ जाड, एका बसने गेलेल्यांची बारीक. पुढच्या आठवड्यात कोण आजारी पडेल हे ओळखायचं, तर त्या माणसाचं रक्त तपासण्यापेक्षा त्याच्या रेघा कुठे कुठे जातात ते बघणं जास्त उपयोगी पडायचं.

बँकांनी हेच तंत्र उचललं होतं. माणूस पैसे वेळेवर भरेल का, हे त्याच्या स्वतःच्या इतिहासापेक्षा त्याच्या जवळच्या माणसांवरून अधिक अचूक कळतं, असं त्यांना आढळलं. त्याचं कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण अंदाज बरोबर ठरत होते आणि बँकांना तेवढं पुरेसं होतं. तुम्ही कुणाला किती वेळा फोन करता, किती वेळ बोलता, कुणाचा क्रमांक कोणत्या फॉर्मवर लिहिता, कुणाच्या घरी किती तास असता, यावरून रेघांची जाडी ठरायची. जाड रेघांनी तुमच्याशी जोडलेल्या माणसांना कायद्याच्या भाषेत तुमचं निकटवर्तुळ म्हणत.

त्याच कायद्यात एक सोय होती. यंत्राने नुसते टक्के सांगून भागणार नव्हतं. ते वाढवायचे तर लहानात लहान कोणता बदल पुरेल, हेही त्याने सांगायचं होतं. माणसाला सुधारायची संधी मिळावी, असा त्यामागचा हेतू होता.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पद्मजाने घरी येऊन चप्पलही न काढता चाचपणी केली. उत्तर यायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

मंजुरीची शक्यता त्रेचाळीस टक्के. लहानात लहान बदल : पुढील क्रमांक आपल्या निकटवर्तुळात नसल्यास शक्यता एक्क्याण्णव टक्के.

खाली दहा आकडे होते. गोपनीयतेमुळे नाव दिलेलं नव्हतं. तिला नावाची गरजही नव्हती. तो नंबर तिला नवव्या वर्षापासून पाठ होता.

*

तो जिनगोंडा चौगुल्यांचा, म्हणजे तिच्या मामांचा नंबर होता. मामा जयसिंगपूरच्या बाजार समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नात्यात पहिला मोबाइल त्यांनी घेतला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो वाजला की ते उचलायचे. जेवत असले तरी उचलायचे, देवळाच्या पायरीवर असले तरी परत फिरून उचलायचे. त्यामुळे कुठल्याही फॉर्मवर 'संपर्क क्रमांक' असा रकाना आला की सगळं गणगोत तिथे मामांचा नंबर लिहायचं. शाळेचा दाखला असो, वसतिगृह असो, गॅसचं पुस्तक असो की दवाखान्याचा केसपेपर. "मामाचा घाल, लागतो तरी," असं म्हणायचे आणि पुढच्या रकान्याकडे वळायचे. पद्मजाचे वडील ट्रकवर होते. त्यांचा फोन कधी कर्नाटकात लागत नसे, कधी राजस्थानात. आई गेली तेव्हा पद्मजा नऊ वर्षांची होती. तिच्या प्रत्येक कागदावर मामांचा नंबर होता. तिला वसतिगृहात काविळीने गाठलं तेव्हा वॉर्डनने तोच फिरवला, आणि तीन तासांत मामा बसच्या टपाच्या धुळीसकट दारात उभे होते.

अशा चौसष्ट माणसांच्या कागदांवर तो एक नंबर होता. माणसाला हे वाचून गंमत वाटली असती. यंत्राला त्यात चौसष्ट जाड रेघा एकत्र येणारा एक ठिपका दिसला. त्या चौसष्टांत कुणी कुठला हप्ता चुकवला होता, कुणाचं दुकान बुडालं होतं, कुणाला दोनदा नकार आला होता. सगळ्यांचं थोडं थोडं मामांच्या ठिपक्यात साचत गेलं. मामांनी स्वतः जन्मात कधी कर्ज घेतलं नव्हतं, पण यंत्राच्या लेखी तोही गुण नव्हता. त्यांच्या नावापुढे माहितीच नव्हती, आणि जिथे माहिती नाही तिथे यंत्र शेजाऱ्यांची सरासरी भरायचं. पद्मजाही तिच्या तक्त्यांत तेच करायची.

पडद्यावर खाली एक बटण होतं : 'संबंध नसल्याचे निवेदन करा'. लोक खोटं बोलतील हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून निवेदनानंतर नव्वद दिवस तुमचं वागणं तपासलं जायचं. त्या क्रमांकाशी महिन्यातून एकच बोलणं चालेल, तेही दोन मिनिटांच्या आत. त्याच्या आणि तुमच्या फोनने एका छताखाली तासाभराहून अधिक राहायचं नाही.

पद्मजाने दोन दिवस विचार केला. निदान तसं पुढे ती स्वतःला सांगत राहिली. खरं तर तिने पहिल्या तासातच ठरवलं होतं, आणि उरलेला वेळ ती कारणं गोळा करत होती. हे नुसतं आकड्यांचं आहे. मामांना कळणारही नाही. नव्वद दिवसांचा तर प्रश्न आहे, कार्ड हातात आलं की आपण त्यांना विमानाने कुठेतरी घेऊन जाऊ. हे शेवटचं कारण तिला इतकं आवडलं की तिने विमानाच्या वेळासुद्धा बघून ठेवल्या.

चौदा मार्चला तिने बटण दाबलं.

*

मामांचा फोन नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी आला. तिने तो वाजू दिला. त्यानंतरचाही वाजू दिला. मग 'कामात आहे, सध्या मशीन नवीन आलंय, रविवारीपण जावं लागतं' असा निरोप तिने मामींच्या फोनवर पाठवला. मामींचा नंबर कुणीच कुठे लिहीत नसे, त्यामुळे तो निर्धोक होता.

महिन्याच्या शेवटी तिने स्वतः मामांना फोन लावला आणि घड्याळ समोर ठेवलं.

"काय गं पद्मा! मला वाटलं, पुण्यानं गिळली काय पोरीला."

"काम फार आहे मामा. तुम्ही कसे आहात?"

"मी बरा हाय. ऐक तर, आपल्या गल्लीतल्या त्या खोतांच्या…"

मामांच्या गोष्टी लांबच्या रस्त्याने यायच्या. खोतांचं सांगायचं तर आधी खोतांच्या विहिरीचं सांगायला लागायचं. विहिरीपर्यंतच पोचले होते, तेवढ्यात एक मिनिट पन्नास सेकंद झाले. "मामा, मशीन वाजतंय, ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला. खोली शांत होती. कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा चालू नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात मामा भराभर बोलले. तिसऱ्या महिन्यात तिला पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला आणि कळलं की मामा लिहून आणलेलं वाचून दाखवताहेत. "तुझा वेळ जायला नको. मुद्दे चार हैत. एक, मामीचा गुडघा बरा हाय. दोन, खोतांच्या सुनेला मुलगी झाली. तीन, तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त केली. चार, तू जेवतीस का वेळेवर?" एक मिनिट दहा सेकंदांत ते संपले. पन्नास सेकंद उरले होते. "जेवते," एवढंच ती म्हणाली.

बारा जूनला पडद्यावर एक्क्याण्णवचा आकडा आला. तिने लगेच अर्ज भरला नाही. सोमवारी, ऑफिसात, शाल्मलीसमोर भरावा असं तिच्या मनात होतं.

त्याच दुपारी मामींचा फोन आला. मामी फोनवर नेहमी भांडल्यासारख्या बोलायच्या. "पद्मा, तुझ्या मामांना कसले तरी कागद यायला लागलेत सरकारचे. चार दिवस झाले, ताटावर बसतात आणि भिंतीकडं बघतात. तू त्या गणितातली हैस न्हवं? उद्या ये आणि समजावून सांग जा. माझं ऐकत नाहीत."

"कसले कागद?"

"मला काय कळतंय? कुणीतरी ह्यांच्याशी संबंध तोडलाय म्हणे."

ज्याच्याशी संबंध नाकारला त्याला तसं कळवलं जातं, हे पद्मजाला माहीत नव्हतं. अटी-शर्तींच्या सतरा पानांत ते कुठेतरी असणार. प्रयोगशाळेत ती नव्या रसायनासोबत आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयसिंगपूरच्या बसमध्ये बसली. निवेदनाच्या नियमाप्रमाणे एकदा निकाल आला तरी अर्ज करेपर्यंत तपासणी चालूच राहायची. म्हणून फोन तिने घरीच, कपाटात चालू ठेवला. ती पुण्यातच आहे, अशी साक्ष तो देणार होता.

*

"फोन कुठाय तुझा? बस कुठवर आली बघायला तीनदा लावला," दारातच मामा म्हणाले.

"विसरले घरी."

"एवढं काम करून घेऊ नये माणसानं," मामा मामींना म्हणाले, जणू पद्मजाला कामाला मामींनीच लावलं होतं.

चौगुल्यांकडे सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत होती, म्हणून साडेपाचलाच पाटपाणी झालं. पण मामा पाटावर बसायच्या आधी कपाटाशी गेले आणि एक फाइल घेऊन आले. बाजार समितीतल्या सवयीने त्यांनी कागद तारखेवार लावून दोरा घातला होता. सगळ्या कागदांवर एकच वाक्य होतं : 'एका व्यक्तीने आपल्याशी निकट संबंध नसल्याचे निवेदन केले आहे.' नाव नव्हतं. नुसती तारीख होती.

"अकरा आलेत," मामा म्हणाले. "पहिलं आलं तेव्हा मला वाटलं, चुकून आलं असंल. मग दुसरं आलं."

पद्मजाने तारखा बघितल्या. पहिली चौदा मार्चची होती. मग एकवीस एप्रिल. मग मेमध्ये तीन. मग जूनच्या पहिल्या दहा दिवसांत सहा.

हा चढ तिच्या ओळखीचा होता. आठवड्यातून दोनदा ती असले आकडे कागदावर मांडायची. एक रुग्ण, मग शांतता, मग तीन, मग एकदम सहा. तिच्या निवेदनाने मामांची एक जाड रेघ तुटली होती. ज्या ठिपक्याला जवळचं माणूस सोडून जातं, तो यंत्राच्या हिशेबात आणखी धोक्याचा ठरतो. त्यामुळे उरलेल्या त्रेसष्टांचे टक्के किंचित खाली आले असणार. त्यांतल्या कुणीतरी चाचपणी केली असेल, आणि यंत्राने त्यालाही लहानात लहान बदल सुचवला असेल. त्याने बटण दाबल्यावर उरलेल्या बासष्टांचे टक्के आणखी घसरले. साथीत पहिला रुग्ण कोण ते शोधायला तिच्या विभागाला आठवडे लागायचे. इथे तो फाइलवर वाकून तारखा वाचत होता.

"नाव देत नाहीत, म्हणून मी यादी केली," मामा म्हणाले. त्यांनी वहीचं पान पुढे केलं. सतरा नावं होती आणि प्रत्येकापुढे कारण. 'रावसाहेब : लग्नात आहेर वाचताना धाकट्या भावाचं नाव आधी वाचलं.' 'सुजाता : केस बारीक कापून आली तेव्हा हसलो.' 'अजित पाटील, कुंभोज : दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी अंघोळीला होतो, उचलायला उशीर झाला.'

"ह्यातल्या नऊ जणांना फोन करून माफी मागितली," मामा म्हणाले.

"सगळ्यांची माफी मागायची ती क्षमावाणी भाद्रपदात असते," मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "ह्यांनी ज्येष्ठातच उरकली. ती सुजाता रडाय लागली फोनवर. तिला बिचारीला केस कापलेलं आठवतसुद्धा नव्हतं."

"पण कुणाला तरी माझा त्रास झालाय, त्याशिवाय अकरा जण असं लिहून देतील व्हय?"

पद्मजा यादी पुन्हा वरपासून वाचत होती. "माझं नाव नाही यात," ती म्हणाली. हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही.

मामा मोकळेपणाने हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच, असं मामींनी मागाहून सांगितलं. "तुझं कशाला घालू?"

त्या वेळी तिने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिने फाइल हातात घेतली आणि समजावून सांगायला सुरुवात केली. ठिपके आणि रेघा, गॅसचं पुस्तक आणि केसपेपर, चौसष्ट फॉर्म आणि एक नंबर. ती छान समजावून सांगायची, नवीन मुलांना शिकवायला तिलाच पुढे करत. यात कुणाचा राग नाही, कुणी तुमच्यावर नाराज नाही, हे नुसतं यंत्राचं गणित आहे, असं तिने दोनदा सांगितलं. प्रत्येक शब्द खरा होता, आणि बोलताना तिचे कान तापत चालले होते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके.

"म्हंजे दोष माझ्या नंबरात हाय," ते म्हणाले.

"दोष असा नाही मामा…"

"नंबरच नसला, तर ह्या रेघा जातील?"

पद्मजाने खरं उत्तर दिलं. "जातील. दोन-तीन महिन्यांत."

"आणि पोरांचे टक्के वाढतील. सगळ्यांचे?"

"वाढतील."

"मग सोपं हाय की," मामा म्हणाले. ते पुन्हा कपाटाशी गेले. या वेळी त्यांनी एक छापील अर्ज आणला. फोन कंपनीच्या कचेरीतून त्यांनी तो कालच आणून ठेवला होता. वयस्कर ग्राहकांसाठी अजून कागदी फॉर्म मिळायचा. 'क्रमांक कायमचा बंद करणेबाबत'. नाव, पत्ता, कारण सगळं भरून झालं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'वापर नाही' असं लिहिलं होतं.

मामींच्या भाकरीचा आवाज थांबला. "एवढ्या वर्षांचा नंबर. आणि उद्या कुणाला काय झालं तर?"

"त्यांच्याजवळ त्यांचे फोन हैत आता. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही." मामांनी फॉर्म पद्मजापुढे सरकवला आणि पेन दिलं. "हा एकच रकाना राहिलाय. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचा नंबर. तुझा घाल."

पद्मजाने पेन घेतलं. चार आकडे लिहिले आणि थांबली.

ती जाणूनबुजून थांबली नव्हती. हातच थांबला. हा फॉर्म उद्या कचेरीत जाईल, परवा कुठल्या तरी तक्त्यात चढेल, आणि जिनगोंडा चौगुले या ठिपक्यापासून तिच्यापर्यंत एक नवी जाड रेघ ओढली जाईल. सोमवारी अर्ज केला तर ती रेघ उमटण्याआधी मंजुरी येईल का? दोन दिवस लागतील की तीन? हा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि तो पुरा होईपर्यंत पेन कागदावर टेकून राहिलं. शाईचा एक ठिपका पसरला.

"आठवत नाही व्हय?" मामा म्हणाले. "स्वतःचा नंबर कुणाला लक्षात राहतोय! मी सांगतो, लिही." आणि ते तिचा नंबर म्हणू लागले, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून. शाळेत असताना त्यांनी तिच्याकडून स्वतःचा नंबर पाठ करून घेतला होता, तो असाच.

"मामा, थांबा."

ते थांबले.

"त्या अकरांत मी आहे. पहिली मीच आहे. चौदा मार्च." बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "मला एक कार्ड हवं होतं. ऑफिसातल्या सगळ्यांकडे आहे. मशीन वगैरे काही आलं नव्हतं. मी घड्याळ लावून तुमच्याशी बोलत होते. फोन मुद्दाम घरी ठेवलाय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मामी उठल्या नाहीत.

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. फाइल उघडून त्यांनी पहिला कागद काढला आणि तारीख बघितली. तिने सांगितलेली नोंद ते ताडून बघत होते. मग त्यांनी कागद पुन्हा दोऱ्यात ओवला.

"किती होते तुझे?"

"काय?"

"टक्के."

"त्रेचाळीस."

"आणि आता?"

"एक्क्याण्णव."

"दुपटीच्या वर गेले," मामा म्हणाले. "अर्ज केलास?"

"नाही."

"मग कर की. तीन महिने एवढं पाळलंस, ते आता वाया कशाला घालवतीस?"

या वाक्यात टोमणा असावा म्हणून पद्मजाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो असता तर तिला बरं वाटलं असतं. मामा खरंच विचारत होते. तिच्या हातून एक काम अर्धवट राहू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. तिने लिहिलेल्या चार आकड्यांवर एकच आडवी रेघ मारली आणि कचेरीतल्या शिरस्त्याप्रमाणे शेजारी बारीक सही केली. मग रकान्याच्या उरलेल्या जागेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दुसरी रेघ ओढली.

"मी लिहिते ना. द्या इकडे," पद्मजा म्हणाली. "मामा, द्या. त्याच्या खाली लिहिते."

"एका रकान्यात दोनदा खाडाखोड चालत नाही गं," मामा शाईवर फुंकर घालत म्हणाले. "फॉर्म परत पाठवतात."